फ्रेम-फळीचं लाकडी जहाज विदर्भात बांधताना: फटी का पडतात, फळ्या का चढतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात, किट न मागवता, पडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटी चिरून 1:48 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 48व्या भागाएवढं, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं मॉडेल बांधायला घेतलं आहे. सांगाडा साधारण 500 मि.मी. लांब आणि 135 मि.मी. रुंद. फ्रेमा, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, नीट उभ्या राहिल्या, ऑगस्टमध्ये फळ्या लावून झाल्या. मे महिन्यात मात्र फळ्याफळ्यांमध्ये फटी दिसू लागल्या. शिवाय पुढे नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाजवळ, फळ्यांच्या कडा एकमेकींवर चढल्या आहेत. चुकलं कुठे, आणि आता काय करता येईल?

या दोन दोषांची कारणं वेगळी आहेत. फटी हवामानामुळे पडल्या आहेत. कडा चढल्या त्या फळ्यांच्या आकारामुळे.

आधी फटींचं पाहू, कारण आपल्या भागात या कामाची सगळी आखणी त्यावरच करावी लागते. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की लाकडात वजनाच्या 5 टक्क्यांच्या आसपासच पाणी उरतं. ऑगस्टमध्ये तेच प्रमाण 15 ते 17 टक्क्यांपर्यंत चढतं. कोकणात वर्षभरातला हा फरक बराच कमी असतो, म्हणून तिकडच्या कारागिराला जे चालतं ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल होते, तीच क्रिया इथे 5 मि.मी. रुंदीच्या फळीत होते.

आता आकड्यांत. साग ओला असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत खोडातल्या वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, तर गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे 2.5 टक्केच. लांबीत तो जवळजवळ हलतच नाही. फ्रेमचे तंतू घेराच्या दिशेने जातात, त्यामुळे जहाजाचा घेर बारा महिने तेवढाच राहतो. त्यावर बसलेल्या फळ्यांची रुंदी मात्र कमीजास्त होते. तुमच्या सांगाड्याच्या मध्यावर कीलपासून (तळाच्या लांब कण्यापासून) वरच्या काठापर्यंत एका बाजूचा घेर अंदाजे 110 मि.मी. असेल. पाण्याच्या प्रमाणात 10 टक्क्यांचा फरक पडला तर वलयांच्या दिशेने कापलेल्या फळ्या मिळून 2 मि.मी.हून थोड्या जास्त आकसतात. उभ्या रेषेच्या फळ्या असतील, म्हणजे फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वलयं तिच्या रुंद बाजूला काटकोनात उभी दिसत असतील, तर हाच आकडा 1 मि.मी.वर येतो. ही 2 मि.मी. सगळ्या सांध्यांत सारखी वाटली गेली तर केसाएवढी फट दिसेल. पण तसं होत नाही. जिथे डिंक चांगला धरतो तिथे फळ्या घट्ट राहतात आणि सगळी ओढ चार-पाच कच्च्या सांध्यांवर येते. म्हणून काही फटी अर्ध्या मिलिमीटरच्याही होतात.

खऱ्या जहाजाला ही अडचण दुसऱ्या वाटेने सुटते. फळ्यांच्या फटीत दोर-कापूस ठासलेला असतो आणि पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगून सांधा आवळून घेतं. मॉडेल कपाटावर कोरडंच राहणार, त्यामुळे सांधा बसवण्याचा दिवसच नीट निवडावा लागतो.

तो दिवस ओळखायला एक साक्षी पट्टी ठेवा. ज्या लाकडाच्या फळ्या करणार, त्याच लाकडाची वलयांच्या दिशेने कापलेली, बरोबर 100 मि.मी. रुंद आणि 3 मि.मी. जाड पट्टी घ्या. तिला पॉलिश किंवा रंग काही लावू नका. मॉडेल जिथे कायम राहणार त्याच खोलीत ती टांगा आणि दर आठवड्याला व्हर्नियरने एकाच खुणेवर रुंदी मोजून भिंतीवर लिहा. मे अखेरचा आकडा सर्वांत लहान येईल, ऑगस्ट-सप्टेंबरचा सर्वांत मोठा. फळ्या लावायच्या त्या पट्टी या दोन आकड्यांच्या मधोमध आली की. पूर्व विदर्भात ही वेळ साधारण दिवाळीनंतर येते आणि संक्रांतीच्या पुढेही काही आठवडे टिकते. मधल्या मापावर लावलेली फळी उन्हाळ्यात थोडी आकसेल, पावसाळ्यात थोडी फुगेल आणि दोन्ही बाजूंचा ताण निम्माच राहील. मे महिन्यात घट्ट बसवलेल्या फळ्यांचं दुखणं तर ऑगस्टच्या फळ्यांपेक्षाही वाईट असतं. पावसाळ्यात त्या फुगतात, जागा मिळत नाही म्हणून पोटाकडच्या वळणावर फ्रेमपासून सुटून बाहेर येतात.

कूलरच्या खोलीत मॉडेल ठेवू नका. दिवसा दमट आणि रात्री कोरडी, अशी हवा रोज बदलत राहिली की वर्षभराचा ताण काही आठवड्यांतच पडतो. पत्र्याच्या खोलीतही नको. तिथल्या दुपारच्या तापाने पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा) मऊ पडून सांधे हळूहळू सरकतात.

लाकडाबद्दल. साग टिकाऊपणाला अजोड आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी घराण्याने सागात बांधलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट (युद्धनौका) 1817 साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण 1:48 मापाला सागाची रंध्रं फार मोठी दिसतात. पाव मि.मी.चं छिद्र म्हणजे खऱ्या जहाजावर 1 सें.मी.हून मोठा खड्डा! म्हणून कील, फ्रेमा आणि आतली कामं जुन्या सागात करा. दिसणाऱ्या फळ्यांसाठी हळदू घ्या. तो पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचा असतो, धारेखाली गुळगुळीत कापला जातो आणि छोट्या मापात अगदी खरा वाटतो. कंगवे आणि कातकाम त्यात होत आलं ते याच गुणामुळे. बाजूने जाणारा जाड पट्टा, म्हणजे वेल, काळा दाखवायचा असेल तर तेंदूचा काळा गाभा वापरा, रंग द्यावा लागत नाही. शिवण हलकी आणि स्थिर असते, तात्पुरत्या ठोकळ्यांना ती उत्तम. बिजा टाळा, ओला झाला की रंग सोडतो आणि शेजारची फळी डागाळतो.

लाकूड आरा मशीनवरच्या तुकड्यांतून किंवा जुन्या चौकटींतून घ्या. जंगलातून आणू नका. सागाच्या तोडीला आणि वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. चौकट चिरण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. सागातल्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून चिकटवायच्या बाजू लगेच आधी थिनरने पुसून घ्या. धूळ उडत असताना मास्क लावा, सागाच्या आणि तेंदूच्या भुशाने दमा व खाज उठते.

आता सांगाडा. पाव इंच प्लायवूडच्या आठ-दहा आडव्या भिंती उभ्या करून त्यावर फळ्या बसवण्याची रीत सोपी आहे. तुम्ही मात्र पूर्ण फ्रेमांची रीत घेतली आहे. ती जास्त कष्टाची, पण फळ्यांना दर 12 मि.मी.ला आधार मिळतो, म्हणून वळण खरं येतं. 1:48 ला मापं अशी धरा: कील 6 मि.मी. रुंद आणि 8 मि.मी. उंच, एका फ्रेमच्या मध्यापासून दुसरीचा मध्य 12.5 मि.मी.वर, फ्रेमची जाडी 6 मि.मी., म्हणजे 3-3 मि.मी.चे दोन थर. कीलजवळ तिची खोली 8 मि.मी., वर जाताना 4.5 मि.मी.पर्यंत निमुळती. फळी 1.6 मि.मी. जाड, मध्यावर 5 मि.मी. रुंद. वेल 2.4 मि.मी. जाड.

फ्रेम एका फळीतून अखंड कापू नका. वळणावर तंतू आडवे येतात आणि बोटाच्या दाबानेही तुकडा मोडतो. एका थरात कीलवरचा आडवा तुकडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन तुकडे. दुसऱ्या थरात मध्यावर जोडलेले दोन आणि वर दोन. असे नऊ तुकडे. प्रत्येकात रेषा वळणाबरोबर जाईल असे कापा. एका थराचा सांधा दुसऱ्या थरातल्या तुकड्याच्या मध्यावर यायला हवा. फरशीच्या तुकड्यावर नकाशा ठेवून, वर मेणकागद अंथरून चिकटवा. बाहेरच्या कडेला अर्धा मि.मी. जास्त ठेवा, तो नंतर घासण्यात जाईल. नकाशाची झेरॉक्स काढलीत तर आधी त्यावर 100 मि.मी.ची रेघ लांबीत आणि रुंदीत दोन्ही दिशांनी मोजून पाहा. मशीन एका दिशेला ताणते, आणि 500 मि.मी.वर एक टक्का म्हणजे 5 मि.मी.

कीलच्या दोन्ही बाजूंना आणि नाळेला फळीचं टोक बसायची खाच फ्रेमा उभ्या करण्याआधीच पटाशीने काढा. तिचा कोन सगळीकडे सारखा नसतो. मध्यावर फळी जवळजवळ आडवी येते, पुढे आणि मागे उभी होत जाते. दर 20 मि.मी.ला फळीचाच 1.6 मि.मी.चा तुकडा लावून खोली पाहा. फ्रेमांच्या मधल्या साधारण साडेसहा मि.मी.च्या जागेत शिवणीचे ठोकळे लाखेने चिकटवा. काम झाल्यावर स्पिरिट लावलं की ते सुटतात. फ्रेमांची वरची टोकं पाटावर कापलेल्या खाचांत अडकवून जहाज उलटं बांधण्याची अमेरिकेतल्या हॅरॉल्ड हान यांची रीत मशीन नसलेल्या घरात फार सोयीची आहे. फ्रेम डावी-उजवी झुकण्याची भीती त्यात जवळजवळ राहत नाही.

फळ्या लावण्याआधी सांगाडा एकसारखा करणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यासाठी बांबूची 1.5 × 3 मि.मी.ची कामटी घ्या. कामटी लाकडी पट्टीपेक्षा खरं वळण दाखवते, कारण तिच्यात मध्येच मऊ जागा नसते. पेरांवरच्या गाठी तेवढ्या मात्र काढून टाकलेल्या हव्यात. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तिरपी धरा. जिथे ती फ्रेमला टेकत नाही तिथे पातळ सालपट चिकटवा, जिथे ती उचलली जाते तिथे 150 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कागद 25 मि.मी. रुंद लवचिक पट्टीवर चिकटवा आणि एका वेळी किमान चार फ्रेमांवरून फिरवा. हाताने धरलेला कागद दोन फ्रेमांमध्ये बुडतो आणि प्रत्येक फ्रेमची कड गोल करतो.

आता नाळेजवळ चढलेल्या कडा. समान रुंदीची सरळ पट्टी गोल सांगाड्यावर पुढे नेली की तिला वर वळायचं असतं, आणि तुम्ही तिला बाजूने वाकवून खाली ओढता. लाकूड जाडीत वाकतं, रुंदीत वाकायला तयार नसतं. मग आतली कड दबते, बाहेरची उचलते आणि पुढची फळी तिच्यावर चढते. दुसरं कारण म्हणजे कीललगतची पहिली फळी. ती नाळेवर फार वरपर्यंत नेली की तिच्यानंतरच्या प्रत्येक फळीचं टोक तेवढंच वर सरकतं. पहिल्या फळीचं पुढचं टोक कील वर वळून नाळ सुरू होते तिथेच थांबलं पाहिजे. मागे मात्र ती थोडी रुंद झाली तर चांगलंच.

उपाय म्हणजे रुंदी आधी वाटून घेणं. आधी वेलची ओळ सुतळीने ठरवा, तिथून कीलपर्यंतचं अंतर दर तिसऱ्या फ्रेमवर कागदी पट्टीने मोजा. मध्यावर एका बाजूला 22 फळ्या बसत असतील आणि नाळेजवळचा घेर 70 मि.मी. असेल, तर तिथे एका फळीची रुंदी 3.2 मि.मी. येते. मधल्या रुंदीच्या निम्म्याखाली, म्हणजे 2.5 मि.मी.खाली ती जाऊ देऊ नका. जात असेल तर तिथे दोन फळ्यांची एक करा. मागे उलट होतं, तिथे घेर वाढला तर मध्ये एक पाचरीसारखी फळी घाला. सगळा घेर चार पट्ट्यांत वाटून त्यांच्या सीमांवर कामट्या बांधा आणि चार हात लांबून, पुढून आणि खालून पाहा. एखादी कामटी डोळ्याला खटकली तर गणित बरोबर असलं तरी ती हलवा.

फळीचा आकार काढायला पारदर्शक चिकटपट्टी शेजारच्या फळीच्या कडेवरून फ्रेमांवर ताण न देता चिकटवा, पेन्सिलीने आधीची कड आणि वरच्या खुणा उतरवा, मग ती 12 मि.मी. रुंद पातळ फळीवर लावून कापा. कापलेली फळी थोडी केळीच्या आकाराची दिसेल, तशीच ती हवी. वाकवताना पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवून इस्त्रीच्या किंवा सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने वळवा. मग साच्यावर बांधून पूर्ण एक दिवस वाळू द्या. ओली फळी तशीच चिकटवली तर ती फुगलेल्या मापात बसते आणि आठवड्याभरात फट पडते. ऑगस्टमध्ये लावलेल्या तुमच्या फळ्यांच्या फटींत याचाही वाटा असणार. अमोनियात भिजवू नका, साग काळा पडतो. पोटाच्या वळणावर प्रत्येक फळीची आतली कड किंचित तिरपी छाटा, नाहीतर आत टेकून बाहेर व्हीसारखी खाच उघडी राहते.

क्रम असा ठेवा: वेल, मग तिच्या वरच्या फळ्या, मग कीललगतची पहिली फळी आणि वर चढत या. शेवटची फळी पोटाच्या वळणावर बसेल, तिथे दोन्ही बाजूंना हात पोहोचतो. डावी-उजवी एकेक फळी लावत जा, एकाच बाजूच्या चार लावल्या तर कील वाकते. फळीची लांबी 125 ते 150 मि.मी., कारण खऱ्या फळ्या 20 ते 24 फुटांच्या असत. दोन फळ्यांचा टोकाचा सांधा फ्रेमच्या मध्यावर हवा आणि त्याच फ्रेमवर पुन्हा सांधा येण्याआधी मध्ये तीन अखंड फळ्या जाऊ द्या. पांढरा डिंक पुरतो. उन्हाळ्यात काम करावंच लागलं तर पहाटे करा. दुपारी दोन-तीन मिनिटांत डिंकावर साय येते आणि सांधा नुसता वरवर धरतो.

लाकडी खिळे बांबूचेच करा. मानवेलाचं तीन वर्षांवरचं, वाळलेलं पेर घ्या. सालीलगतच्या भागाच्या बारीक काड्या फोडून 2 मि.मी. जाड पोलादी पट्टीतल्या 1.5 पासून 0.8 मि.मी.पर्यंतच्या छिद्रांतून एकेक करून ओढा. छिद्रं एकाच बाजूने पाडा आणि मागची बर, म्हणजे छिद्राभोवती उचललेली धार, काढू नका, तीच कापते. प्रत्येक फळीला प्रत्येक फ्रेमवर एक खिळा धरला तरी दोन्ही बाजू मिळून 1,800 च्या आसपास लागतात, म्हणून दीडपट करून ठेवा. बांबूला आणि हळदूच्या बाहेरच्या फिक्या लाकडाला घुण लागतं. बोरॅक्स तीन भाग, बोरिक ॲसिड दोन भाग, यांच्या पाच टक्के द्रावणात काड्या भिजवून वाळवा.

शेवटी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ तीन हात द्या. ओल आत-बाहेर जाण्याचा वेग लाखेने चांगला मंदावतो. पण ती आतल्या बाजूलाही तितकीच लावा, डेक बसवण्याआधी. बाहेरून बंद आणि आतून उघडी फळी एका बाजूने फुगून पन्हाळीसारखी वाकते. पावसाळ्यात लाख लावू नका, हवेतल्या ओलीने ती पांढरी पडते.

आता तुमच्या जहाजाचं. मे-जूनमध्ये पुट्टी भरू नका. पावसाळ्यात फळ्या फुगतील, पुट्टीला दाबतील आणि शेजारचे चांगले सांधेही सुटतील. साक्षी पट्टी आत्ताच टांगा आणि दिवाळीनंतरच्या मापाची वाट पाहा. तोवर बहुतेक फटी अर्ध्यावर आलेल्या असतील. तेव्हा 0.2 मि.मी.पर्यंतच्या फटी तशाच सोडा, त्या दोर भरलेल्या सांध्यासारख्याच दिसतात. त्याहून मोठ्या फटींत त्याच सागाचं, रेषा लांबीने ठेवलेलं पाचरीच्या आकाराचं सालपट डिंकाने सरकवा, ठोकू नका, आणि वाळल्यावर धारदार पटाशीने सपाट करा. नाळेजवळच्या चढलेल्या फळ्या घासून वाचणार नाहीत. घासल्यावर वरची कड कागदाएवढी पातळ उरते. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस सांध्यावर अर्धा तास ठेवा आणि पातळ सुरीने पहिल्या सात-आठ फ्रेमांपर्यंतच्या फळ्या सोडवा. खालून चौथ्या-पाचव्या फळीपर्यंत काढल्यावर पहिल्या फळीचं टोक कुठवर चढलं आहे ते दिसेल. ते नाळेवर चढलेलं असेल तर तीही काढा. मग तिथला घेर पुन्हा मोजून, फ्रेमवर टोकाचे सांधे पायरीपायरीने मागेपुढे ठेवत, आकार दिलेल्या नव्या फळ्या बसवा. ओल्या झालेल्या फ्रेमा पूर्ण वाळायला आठवडा द्या, त्याआधी एकही नवी फळी चिकटवू नका.